मासळीबाजारात तुम्ही का गेलात, अण्णा

अण्णा, तुम्ही ट्रामच्या थांब्यावर पडला नव्हतात. तुम्ही मासळीबाजारात पडलात. तात्याकाकांनी नागपूरला धाडलेल्या प्रत्येक पत्रात ट्रामचा थांबा लिहिला, आईने भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तोच थांबा सांगितला, आणि तुमच्या तेराव्याच्या पंगतीत एका गृहस्थांनी भात कालवता कालवता मला विचारलं, "कुठल्या नंबरची ट्राम होती गं?" मी हातातलं तूप खाली ठेवलं आणि आत निघून गेले. त्या पंगतीची मला शिसारी आली होती. ती अजून गेलेली नाही.

आज तुमचा महिना झाला. सकाळी गुरुजी येऊन गेले. आता दुपार आहे. आई आत पडली आहे, तात्याकाका बाहेर तुमच्या आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपले आहेत. तुमचे थोरले भाऊ म्हणून ती खुर्ची आता त्यांची झाली आहे. मी तुमच्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे, आणि मराठीत लिहिते आहे. माझ्या मराठीला तुम्ही हसायचात, तेव्हा आजही हसून घ्या. पण मला जे सांगायचं आहे ते एका शब्दाच्या चुकीबद्दल आहे, आणि ती चूक कोणाची होती हे मला आज सकाळी बाजारात कळलं.

माझा जन्म कलकत्त्याचा, शाळा बंगाली, मैत्रिणी बंगाली. मराठी माझ्या वाट्याला घरापुरती आली. म्हणून दर रविवारी तुम्ही मला शुद्धलेखन घालायचात. तारखात्यातला माणूस, एक अक्षर चुकलं तर कोणाच्या घरी भलतीच बातमी जाते हे तुम्ही रोज पाहायचात. पाचवीत मी लिहिलं होतं, 'मी गणिताची खूप चेष्टा करते.' बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुढच्याच रविवारी मी लिहिलं, 'आमच्या शाळेत चांगली शिक्षा मिळते.' तेव्हा तुम्ही म्हणालात, "मिळत असेल तर बरंच आहे, घरी द्यायला नको." बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे तुम्हाला ठाऊक होतं. असे सगळे फसवे शब्द तुम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचात, डावीकडे त्यांचा अर्थ, उजवीकडे आपला. तुमच्या लाल पेन्सिलीतून माझा एकही शब्द सुटला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, पुढे त्याचं काम आहे.

तुमचं नाक मात्र मला कधी सहन झालं नाही. बावीस वर्षं तुम्ही या शहरात रुमालातून श्वास घेतलात. रुमालात कापराची वडी, रुमाल कोटाच्या वरच्या खिशात. मासळीबाजार पन्नास पावलांवर आला की तुम्ही रस्ता ओलांडायचात. जिन्यात शेजाऱ्यांच्या मोहरीच्या तेलाचा वास आला की खिडक्या लावायला सांगायचात. लहानपणी मला याची गंमत वाटायची. मोठी झाल्यावर लाज वाटायला लागली. लोक ज्याच्यावर जेवतात त्याला तुम्ही घाण म्हणायचात, तेही त्यांच्याच जिन्यात उभं राहून.

आणि मासीमा. खुकूची आई; मासीमा म्हणजे मावशी. फाळणीत ढाक्याहून आलेली ती माणसं आपल्यापासून दोन घरं सोडून राहायला आली, खुकू माझ्या वर्गात आली आणि मी त्यांच्याकडेच पडून असायची. तुम्ही मला चिडवायचात, "आज माशीकडे नाही गेलीस?" मासीमा मला 'बर्गीर मेये' म्हणायच्या, बर्गीची पोर. दोनशे वर्षांपूर्वी आपले घोडेस्वार इथे लुटायला यायचे, त्यांना इथले लोक बर्गी म्हणत. त्यांच्या भीतीने बागबाजारापासून खंदक खणला होता, तो दाखवायला तुम्हीच मला नेलं होतंत आणि तिथे खंदक नसून रस्ता निघाला होता. मासीमा म्हणायच्या, "बर्गीर मेये, कय, आज की लूट करबि?" काय गं, आज काय लुटणार, असं म्हणून माझ्यापुढे ताट ठेवायच्या. त्या ताटात काय असायचं हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी कधी सांगितलं नाही. आज सांगते, मासे असायचे. मला आवडायचे.

माझा इंटरचा निकाल लागला त्या दिवशी मासीमा पहिल्यांदा आपल्या घरी आल्या. आपण काय खातो, काय नाही, त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी तांदळाची खीर आणली होती, नवीन गूळ जपून ठेवला होता त्यातली, काशाच्या बाटीत, म्हणजे वाटीत. तुम्ही दारात उभे होतात. तुम्ही हसून नमस्कार केलात, बाटी घेतलीत, त्या वळल्या, आणि त्यांची पावलं जिन्यात असतानाच तुम्ही ती खीर मोरीत ओतलीत. वर आईला म्हणालात, "राखेने तीन वेळा घास. ज्या भांड्यात ते शिजतं त्याच भांड्यातली असणार." मराठीत म्हणालात, पण राखेने भांडं घासल्याचा आवाज कुठल्याही भाषेत कळतो. मासीमा चप्पल विसरल्या म्हणून परत आल्या होत्या. त्यांनी मोरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बाटीटा थाक." बाटी राहू दे. त्या दिवसानंतर त्या मला बर्गीर मेये म्हणाल्या नाहीत, कारण त्यांच्या दारात जायला मला तोंडच राहिलं नव्हतं.

मला तुमची किळस आली, अण्णा. हा शब्द बरोबर आहे, तो मी शोधून लिहिला आहे.

तुमच्यापुढे येऊन उभी राहिले तेव्हा मात्र मला मराठी शब्द सापडेना. राग म्हणावं तर राग परक्या माणसाचाही येतो. रुसले म्हणावं तर मी काही पाच वर्षांची नव्हते. बंगालीत त्याला एक शब्द आहे. आपलं माणूस असं वागलं की जे आत दुखतं आणि बोलता येत नाही, त्याला ते अभिमान म्हणतात. मी रडत होते, आणि तोंडातून निघालं, "मला तुमचा फार अभिमान झालाय." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ऐकलंत का, पास काय झाली, बापाचा अभिमान वाटायला लागला." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. लाल पेन्सिल समोरच होती. तुम्ही चूक काढली नाहीत. किंचित हसलात आणि वर्तमानपत्र उचललंत.

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मला वाटलं, हा माणूस एका बाईचा दारात अपमान करून बसला आहे आणि मुलगी कौतुक करते आहे असं समजून खुशीत आहे. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी सकाळी तुम्ही पिशवी न घेता बाहेर पडलात आणि तासाभराने बाजारातला एक माणूस धावत सांगायला आला.

इस्पितळातून तुमच्या कपड्यांचं गाठोडं घरी आलं. कोट, धोतर, रुमाल, सगळं मासळीच्या पाण्याने भिजलेलं. ते सोडताच आईला उलटी झाली. डॉक्टर सांगत होते की मेंदूत रक्त साकळलं आहे, शुद्ध येईल की नाही सांगता येत नाही, आणि घरात चर्चा चालली होती की हा वास कसा घालवायचा. तिसऱ्या दिवशी तात्याकाका नागपूरच्या मेलने आले. आल्या आल्या त्यांनी ते कपडे मागच्या अंगणात जाळले. मग हात धुऊन बसले आणि म्हणाले, "इतकी वर्षं बंगाल्यात राहिला. चोरून खात असणार. दुसरं काय काम असतं ब्राह्मणाचं मासळीबाजारात?" मी त्यांना काहीतरी बोलायला हवं होतं. मी गप्प बसले, कारण मलाही तेच वाटलं होतं.

हे तुम्हाला सांगायलाच हवं. मला वाटलं, दुसऱ्याची खीर मोरीत ओतणारा माझा बाप कचेरीतून येताना कुठेतरी बसून मासे खातो. वरून कापूर हुंगतो. तुमची जी काही किळस आधी आली होती ती काहीच नव्हती, अशी ही आली.

त्यात आईने भर घातली. ती म्हणाली, "तुझ्यामुळे झालं. चपला घालताना म्हणत होते, पोरीचा अभिमान मोडायला हवा. मी म्हटलं, मोडाच एकदा, फार चढून गेली आहे." म्हणजे तुम्ही माझा तोरा उतरवायला निघाला होतात. मला वाटलं, कॉलेजातून नाव काढायला. नाहीतर काकांनी सुचवलेल्या एका नागपूरच्या स्थळाला तार करायला. आणि वाटेत जिभेचे चोचले पुरवायला बाजारात शिरलात. माझ्या मनात सगळं नीट जुळलं. तुमच्याबद्दल वाईट जुळवणं त्या दिवसांत फार सोपं होतं.

तरी मी इस्पितळात रोज चार वाजता यायची. एकोणीस दिवस. नाकात नळी, उघडे डोळे, त्या डोळ्यांत कोणी नाही. पाठीला जखमा झाल्या. त्या जखमांना वास होता. पाचव्या की सहाव्या दिवशी नर्सने तुम्हाला कुशीवर वळवलं आणि मी पदर नाकाला लावला. समोरच्या काचेत मी दिसले. अगदी तुम्ही उभे राहायचात तशी, मान थोडी मागे, दोन बोटांनी नाकावर कापड धरलेलं. नर्स उघड्या तोंडाने काम करत होती. मी पदर खाली घेतला. पुन्हा तो वर नेला नाही. इतकंच मी तुमच्यासाठी केलं.

ती नर्स म्हणायची, "कथा बोलो, शुनते पाय." बोल, ऐकू येतं त्यांना. काय बोलणार होते मी? 'अण्णा, तो शब्द चुकला, मला तुमचा अभिमान वगैरे काही नाही,' असं सांगायचं होतं. मरायला टेकलेल्या माणसाकडून एवढंही काढून घ्यायचं का? आणि न सांगावं तर तुम्ही एका चुकीच्या शब्दावर खूश होऊन जाणार. शेवटी मी शुद्धलेखनाची जुनी वही आणली आणि वाचत बसले. 'नदीच्या काठी एक गाव होते.' पूर्णविराम. तेवढंच बोललो आपण.

तात्याकाकांचा तो प्रकारही लिहून ठेवते. एका दुपारी ते लोटी घेऊन आले. तुम्ही अभक्ष्य खाल्लंत, तसे गेलात तर गती नाही, म्हणून पंचगव्य. शेण, गोमूत्र, सगळं कालवलेलं, चमच्याने तुमच्या ओठांत. ते तुमच्या गालावरून उशीवर ओघळलं, तुम्हाला ठसका लागला आणि चेहरा काळानिळा झाला. नर्स ओरडत आली. "ए की कोरछेन? रोगी गिलते पारे ना, देखछेन ना?" रोग्याला गिळता येत नाही, दिसत नाही का, म्हणत तिने लोटी हिसकावून घेतली. काका मला मराठीत म्हणाले, "हिला काय कळतंय, ही बाटग्यांची." तुम्ही कोणाच्या हातचं खायचं नाही म्हणून आयुष्यभर जपलंत, आणि तोंडात शेण घातलं ते सख्ख्या भावाने. मी तुमची हनुवटी पुसली. तेव्हा पहिल्यांदा मला तुमची दया आली, पण ती किळसेत इतकी मिसळलेली होती की वेगळी काढता येईना.

एकोणिसाव्या दिवशी मी आले तर खाट रिकामी होती आणि गादी उलटी करून ठेवली होती. घरून कोणी मला कळवलं नव्हतं. कॉलेजातून परस्पर आले होते. मग सगळे आले, आणि तुम्ही किती सोवळे, किती शांत, किती निर्मळ होतात हे सांगून गेले. मी मनात म्हणत होते, खोटं, खोटं, खोटं.

आज सकाळी गुरुजींनी संकल्प सांगताना थांबून काकांकडे पाहिलं आणि काकांनी मान हलवली. अभक्ष्यभक्षणाचा दोष जावा म्हणून काही जास्तीचं म्हटलं गेलं. आई पदराखाली रडत होती, दुःखाने नव्हे, शरमेने. ते मला पाहवेना. तुम्ही खात होतात तर खात होतात, पण मला ते माझ्या कानांनी ऐकायचं होतं. मी पायात चपला सरकवल्या आणि सरळ बाजारात गेले.

त्या माणसाचं नाव निताई. धावत निरोप घेऊन आला होता तोच. ओल्या फरशीवर मोठी विळी पायाखाली धरून बसला होता. मी म्हटलं, "महिन्यापूर्वी, नव्हे, त्याहून आधी, इथे एक गृहस्थ पडले होते. ते नेहमी यायचे का तुमच्याकडे?" त्याने मान वर करून विचारलं, "आपनि मेये?" तुम्ही त्यांची मुलगी? मी हो म्हटलं.

मग त्याने सांगितलं. त्याने तुम्हाला याआधी बाजारात कधी पाहिलेलं नव्हतं. तुम्ही नाकाला रुमाल लावून बराच वेळ बाजाराच्या तोंडाशी उभे होतात, लोक हसत होते. मग आत आलात. त्याच्यापुढे येऊन रुमाल काढलात आणि खिशात ठेवलात, म्हणालात की नाक झाकून मागितलं तर तुम्हाला अपमान वाटेल. मला हे खरं वाटेना, मी त्याला दोनदा सांगायला लावलं. तुम्ही विचारलंत, कोणाच्या घरी मान देऊन मासा पाठवायचा तर तुमच्यात काय पाठवतात? तो म्हणाला, जोडा इलिश. दोन इलिशची जोडी, कपाळाला शेंदूर लावून. तुम्ही म्हणालात, मला मासा ओळखता येत नाही, मुलीच्या मासीमांना द्यायचा आहे, वाईट देऊ नका. तो म्हणाला, बाबू, आपण तर खात नाही, मग एवढा त्रास कशाला? तेव्हा तुम्ही म्हणालात,

"मेयेर अभिमान भांगाते होबे."

त्याने दोन मासे निवडून दोरी बांधायला घेतली आणि तुम्ही पडलात. डोकं त्याच्या मांडीवर होतं, तो म्हणाला. मासळीच्या पाण्याशिवाय जवळ पाणी नव्हतं म्हणून त्यानेच तोंड पुसलं. त्याची तो अजून माफी मागत होता.

मेयेर अभिमान भांगाते होबे. मुलीचा अभिमान मोडायला हवा. आईने ऐकलं होतं तेच वाक्य, शब्दाला शब्द. फक्त तुम्ही ते बंगालीत म्हणत होतात, अण्णा, मराठी शब्दांनी. त्यांच्यात अभिमान मोडणं म्हणजे कोणाचा तोरा उतरवणं नव्हे. दुखावलेल्या आपल्या माणसाच्या दारात जाऊन त्याचं मन वळवणं. त्या संध्याकाळी मी काय म्हणाले ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. लाल पेन्सिल हातात घेतली नाहीत, कारण शब्दाची चूक झालीच नव्हती. चूक तुमची होती, आणि ती तुम्ही वहीत नाही, बाजारात जाऊन दुरुस्त करायला निघाला होतात. आणि मी एकोणीस दिवस तुमच्या कानाशी नदीकाठचं गाव वाचत बसले.

मी निताईकडून इलिशची जोडी घेतली. वाटेत दोनदा ती हातातून निसटली. मासीमांनी दार उघडलं आणि माझ्या हातांकडे बघून मागे सरकल्या. मी म्हटलं, "बाबा पाठियेछेन." बाबांनी पाठवले आहेत. खाली बसून त्यांनी एका माशाचा कल्ला उघडून पाहिला, मग दुसऱ्याचा. शेंदराची डबी आणली आणि दोघांच्या कपाळाला बोट लावलं. मग डोळे पुसत हसल्या आणि म्हणाल्या, "बर्गी माछ पाठालो?" बर्गीने मासे धाडले? निघताना विचारलं, "बाटीटा आनिस नि?" बाटी आणली नाहीस? मी म्हटलं, विसरले. "थाक. कालके आनिस," त्या म्हणाल्या. उद्या आण.

घरी आले तेव्हा काका दारात होते. नाकाला उपरणं लावून त्यांनी मला वाट दिली आणि आंघोळ कर म्हणून ओरडले. मी केलेली नाही. ते उठले की सांगणार आहे, तुम्ही कुठे पडलात आणि कशासाठी, आणि नागपूरची पत्रं मी पुन्हा लिहिणार आहे. तुमच्यावर मी जे जे जुळवलं त्याची मला आता जी किळस येते आहे ती कुठे धुऊन जाईल ते माहीत नाही. ती तुम्हाला सांगून कमी होत नाही, तरी सांगते.

मला तुमचा अभिमान आहे, अण्णा, वहीतल्या डाव्या बाजूचाही आणि उजव्या बाजूचाही. हात अजून तसेच आहेत, कागदाला वास लागला आहे. रुमाल काढा आणि वाचा.